पोकर सिरीजचा निकाल वाचायचा कसा?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: धाकटा भाऊ अंधेरीला नोकरी करतो आणि काही वर्षांपासून गोव्याला पोकर टूर्नामेंट खेळायला जातो. हेंडन मॉब नावाच्या साइटवर त्याच्या नावापुढे ४८ हजार डॉलर, म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास रक्कम दिसते. आता नोकरी सोडून ‘प्रो’ होतो म्हणतोय. हा आकडा खरा आहे का, आणि खरा असेल तर चाळीस लाख गेले कुठे? घराचा हप्ता अजून वडीलच भरतायत.

ताई, आकडा बहुधा खराच आहे आणि भाऊ तुम्हाला फसवतोय असंही नाही. घरात पैसे न दिसणं आणि साइटवर चाळीस लाख दिसणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मी बरीच वर्षं टूर्नामेंटच्या फ्लोअरवर काढली आहेत: आधी पत्ते वाटणारा डीलर, मग फ्लोअरवर देखरेख, नंतर टूर्नामेंट डायरेक्टर. ज्या निकालपत्रकावरून ही साइट आकडे उचलते, ती पत्रकं मी स्वतः भरलेली आहेत. त्यात काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत, तेवढं सांगतो.

हेंडन मॉब हे नाव लंडनच्या चार खेळाडूंच्या कंपूवरून पडलंय. जगभरच्या लाइव्ह (प्रत्यक्ष टेबलवरच्या) टूर्नामेंटमध्ये कोणाला किती बक्षीस मिळालं याची नोंद तिथे असते. बक्षीस फक्त. त्यासाठी किती भरले, किती टूर्नामेंट हरल्या, विमान-हॉटेलला किती गेले, कर किती कापला, यातलं काहीच नसतं. दुकानाचा गल्ला मोजायचा आणि मालाची बिलं बघायचीच नाहीत, तसा तो आकडा. साइटचा त्यात दोष नाही. हरलेल्यांची यादी कुठलाच आयोजक काढत नाही. दोष आहे तो ‘टोटल अर्निंग्ज’ वाचून त्याला कमाई समजणाऱ्यांचा, आणि यात पोकरवर बातम्या देणारे आपले पत्रकार बंधूही आले.

आता पहिली गळती बघा. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मेन इव्हेंट, म्हणजे मुख्य टूर्नामेंट, फ्रीझआउट असते, म्हणजे एकदा बाहेर पडलात की घरी. बाय-इन, म्हणजे खेळायला भरायची रक्कम, १०,००० डॉलर. २०२४ साली तिथे १०,११२ एन्ट्री होत्या, म्हणजे खरोखर तितकी माणसं. त्या १०,००० पैकी ९,३०० डॉलर बक्षिसात गेले, ७०० आयोजकाचे. बक्षीस १,५१७ जणांना मिळालं. शेवटच्या बक्षिसाला १५,००० डॉलर आणि विजेता जोनाथन टमायोला १ कोटी डॉलर. उरलेल्या साडेआठ हजारांहून जास्त लोकांच्या हाती काही नाही, आणि त्यांची नावंही कुठे नाहीत.

गोव्यातल्या बहुतेक टूर्नामेंटचं तसं नसतं. तिथे री-एन्ट्री असते. पहिल्या दिवशी काही लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे ठरावीक मिनिटांचा टप्पा) बस्ट झालेला, म्हणजे चिप्स संपलेला माणूस उठतो, खिडकीशी जातो, पुन्हा पैसे भरतो आणि चिप्सचा नवीन स्टॅक घेऊन दुसऱ्या टेबलवर बसतो. एकेक जण तीन-तीन, चार-चारदा येतो. पत्रकावर ‘एन्ट्रीज ४००’ लिहिलेलं असलं की माणसं त्याहून बरीच कमी असतात, हे धरून चालायचं. आणि ज्याला अखेर बक्षीस मिळालं त्याने ते कितव्या गोळीला मारलं (आमच्याकडे एन्ट्रीला बुलेटच म्हणतात), हे पत्रकात कधीच येत नाही.

एक उदाहरण घेऊ. बाय-इन ५५,००० रुपये. त्यातले ५०,००० बक्षिसात, ५,००० आयोजकाची फी. तुमचा भाऊ दोनदा आत गेला, १,१०,००० खर्च. बबल फुटला, म्हणजे बक्षिसाआधीचा शेवटचा माणूस बाहेर पडला, आणि त्याला मिन-कॅश (सगळ्यात लहान बक्षीस) मिळाली, १,००,००० रुपये. तो पेआउट डेस्कवर येतो. तिथली मुलगी पॅन कार्डाची प्रत घेते, स्लिपवर क्रमांक, नाव, रक्कम लिहिते, त्याच्या दोन सह्या घेते. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर १०,००० रुपयांच्या वर ३० टक्के टीडीएस. हातात ७०,०००. तो व्हॉट्सॲपवर टाकतो, ‘कॅश झाली भावांनो’, मित्र अंगठे दाखवतात, साइटवर लाखाची नोंद पडते. खिशातून चाळीस हजार गेलेले असतात. बस, जेवण, खोली वेगळी.

करावर जरा थांबतो, कारण खरी मेख तिथेच आहे आणि पंचविशीतली पोरं तिकडे बघतच नाहीत. लॉटरी, घोड्यांच्या शर्यती, पत्त्यांचे खेळ यांतल्या बक्षिसावर आपल्याकडे सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. त्यातून खर्च वजा करायची सोय कायद्यात नाही. आधीच्या दहा टूर्नामेंट हरलात तरी तो तोटा अकराव्या बक्षिसातून वळता करता येत नाही. पगारदाराला जी मूळ सूट मिळते तीही या उत्पन्नाला नाही. अमेरिकेत जिंकलात तर तिथेही परदेशी खेळाडूचे ३० टक्के आधी कापतात. इंग्लंड, जर्मनी, जपानसारख्या देशांच्या खेळाडूंना करारामुळे त्यातून सूट आहे, भारतीयांना नाही.

आता वर्षाचा हिशेब मांडा. समजा भाऊ वर्षाला ४० लाइव्ह टूर्नामेंट खेळतो, सरासरी ३०,००० च्या. खर्च १२ लाख. तो चांगला खेळाडू आहे असं धरू, बाय-इनवर २० टक्के फायदा काढणारा. लाइव्ह टूर्नामेंटमध्ये २० टक्के हा वाईट आकडा नाही. म्हणजे त्याला एकूण बक्षिसं १४ लाख ४० हजारांची मिळाली. त्यावर ३१.२ टक्के म्हणजे साधारण साडेचार लाख कर. हातात ९ लाख ९० हजार. १२ लाख घालून. चांगलं खेळूनही वर्षअखेर दोन लाखांहून जास्त घाट्यात, आणि यात प्रवास-मुक्काम धरलेलाच नाही. कायदा जसा लिहिलाय तसा लावला तर नुसतं बरोबरीत सुटायलाही त्याला १२ लाखांवर साडेसतरा लाखांच्या जवळ बक्षिसं मिळवावी लागतील, म्हणजे ४५ टक्के फायदा. इतका फायदा वर्षानुवर्षं काढणारे खेळाडू आहेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके. साइटवर मात्र त्या वर्षाचे साडेचौदा लाख दिसणार. आता तुमचे चाळीस लाख गेले कुठे, याचा अंदाज येईल.

दुसरी गळती फायनल टेबलवर होते. शेवटचे दोन-तीन जण उरले की बहुतेक वेळा डील होते. ब्लाइंड्स (दर हाताला भरायच्या सक्तीच्या पैजा, त्या दर लेव्हलला वाढतात) इतके वाढलेले असतात की दोन-चार हातांत लाखोंचा निकाल लागायचा, मग ते घड्याळ थांबवायला सांगतात आणि उरलेले पैसे चिप्सच्या प्रमाणात वाटून घेतात. नुसत्या प्रमाणात नाही. आयसीएम नावाचं गणित लावतात: कोणाची कितव्या नंबरला यायची किती शक्यता, त्यावरून प्रत्येकाचा वाटा. समजा बक्षिसं ५०, ३० आणि २० लाखांची आहेत आणि तिघांकडे चिप्सही ५०, ३०, २० टक्के. भाबडा हिशेब सांगेल की पहिल्याला ५० लाख. आयसीएम सांगतं ३८ लाख ३९ हजार. दुसऱ्याला ३२ लाख ७५ हजार, तिसऱ्याला २८ लाख ८६ हजार. कारण निम्म्या चिप्स असूनही पहिला नंबर हुकायची शक्यता निम्मी आहे आणि पहिल्या नंबरच्या वर बक्षीसच नाही. मी लॅपटॉपवर हे आकडे काढून दाखवले की चिप लीडरचा (सगळ्यात जास्त चिप्सवाल्याचा) चेहरा हमखास पडतो आणि शॉर्ट स्टॅकवाला, म्हणजे सगळ्यात कमी चिप्सवाला, लगेच ‘डन’ म्हणतो.

डील झाल्यावर पत्रकात कोणता आकडा लिहायचा? नीट चालवलेल्या सिरीजमध्ये वाटून घेतलेला. काही ठिकाणी मूळ बक्षीसच छापतात, कारण पोस्टरवर ५० लाख बरे दिसतात. त्यामुळे ‘विजेता’ या शब्दावरून रक्कम ठरवू नका. याचं सगळ्यात मोठं उदाहरण लंडनचं. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्रायटन मिलियन झाली, बाय-इन साडेदहा लाख पौंड, त्यातले ५० हजार धर्मादाय कामाला, ५४ एन्ट्री. हेड्स-अपला, म्हणजे शेवटचे दोघे उरल्यावर, ब्रिन केनीकडे चिप्सचा ढीग होता, समोर एरन झँग. दोघांनी डील केली आणि मग उरलेला खेळ झँग जिंकला. चषक झँगचा, पैसे १,३७,७९,४९१ पौंड. दुसरा आलेल्या केनीला १,६८,९०,५०९ पौंड. एका टूर्नामेंटमध्ये कोणाच्याही नावावर लागलेली तोवरची सगळ्यात मोठी रक्कम ही अशी उपविजेत्याची आहे.

आणि ते सगळे त्याच्याच खिशात गेले का? हे कोणीच बाहेरून सांगू शकत नाही, कारण तिसरी गळती स्टेकिंगची, म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर खेळायची. इतक्या मोठ्या बाय-इनला क्वचितच कोणी शंभर टक्के स्वतःचे पैसे लावतो. लहान पातळीवरही तेच. गोव्याच्या सिरीजआधी आठवडाभर मुंबईच्या ग्रुपवर ‘मेन इव्हेंटचे ४० टक्के विकतोय, १.१ मार्कअप’ असे मेसेज फिरत असतात. म्हणजे ५५,००० च्या एन्ट्रीतले १० टक्के विकत घ्यायला ५,५०० ऐवजी ६,०५० द्यायचे. वरचे ५५० त्याच्या कौशल्याचे. शिवाय मित्रामित्रांत स्वॅप असतात, तू माझे पाच टक्के घे, मी तुझे घेतो. काही जण पूर्ण बॅकरच्या, म्हणजे पैसे लावणाऱ्याच्या, पैशावर खेळतात. तिथे मेकअप नावाचं खातं चालतं: आधीचा सगळा तोटा भरून निघेपर्यंत जिंकलेलं बॅकरकडे जातं, त्यानंतरच्या नफ्यात वाटणी. अशा खेळाडूने पाच लाख जिंकले आणि त्याचा मेकअप सहा लाखांचा असला तर त्याच्या वाट्याला शून्य. कराची नोंद मात्र त्याच्याच पॅनवर.

इतकं ऐकून तुम्ही म्हणाल, हिशेब सोडा, पोराला खेळता येतं की नाही ते तरी निकालावरून कळेल ना? कळतं, पण फार उशिरा. साधारण पंधरा टक्के जणांना बक्षीस मिळतं असं धरू. तर सर्वसाधारण खेळाडू दहा टूर्नामेंटची सिरीज खेळून रिकाम्या हाताने परतायची शक्यता २० टक्के आहे, पाचातून एकदा. पक्का खेळाडू घ्या, जो दर पाचातल्या एकाला कॅश करतो. त्याचीही शक्यता जवळपास ११ टक्के. म्हणजे एका सिरीजवरून दोघांत फरक करता येणार नाही. वर पैसा सगळा डोक्यावर साठलेला असतो: वेगासच्या त्या २०२४ च्या फायनलला पहिल्याला १ कोटी, दुसऱ्याला ६० लाख डॉलर. एका रिव्हर कार्डावर, म्हणजे टेबलवर शेवटी उघडणाऱ्या पत्त्यावर, चाळीस लाख डॉलर इकडचे तिकडे. एखाद्याच्या नावापुढे मोठा आकडा असेल तर मी आधी तो उघडून बघतो. चाळीसातले तीस लाख एकाच टूर्नामेंटचे आहेत की बऱ्याच ठिकाणचे थोडे थोडे? पहिलं असेल तर तो एक चांगला आठवडा होता. तुमच्या भावाचंही तेवढं बघा, नावावर क्लिक केलं की पूर्ण यादी येते.

त्या यादीतल्या टूर्नामेंटबद्दल आणखी दोन गोष्टी बघा. एक, मैदान केवढं होतं, म्हणजे एन्ट्री किती होत्या. रात्री उशिरा सुरू झालेल्या, पन्नास-साठ एन्ट्रीच्या साइड इव्हेंटचा चषक आणि हजार एन्ट्रीच्या मेन इव्हेंटमधला बारावा नंबर, यात मी बाराव्या नंबरला जास्त मान देतो. दुसरी, लेव्हल किती मिनिटांच्या. वेगासच्या मेन इव्हेंटला दोन तासांची लेव्हल आणि ६०,००० चा स्टॅक असतो, विचार करायला जागा असते. वीस मिनिटांच्या लेव्हलच्या टर्बोत काही तासांतच बहुतेक जण शॉर्ट होतात, म्हणजे ब्लाइंड्सच्या मानाने चिप्स कमी पडतात, मग दोन पत्ते बघून ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड (पत्ते टाकणं). तो खेळ वाईट नाही, पण त्यात आलेल्या निकालावरून कौशल्य जोखू नये. (निकालपत्रकात एकाच क्रमांकावर दोन नावं दिसली तर चूक समजू नका. बबलला हँड-फॉर-हँड चालू असताना, म्हणजे सगळी टेबलं एकेक हात एकाच वेळी खेळत असताना, दोन वेगळ्या टेबलांवर एकाच हाताला दोघे बाहेर पडले की त्या जागेचं बक्षीस दोघांत वाटतात.)

२००३ ची गोष्ट भाऊ तुम्हाला सांगेलच, सांगितलीही असेल. अमेरिकेतला एक अकाउंटंट, आडनावच मनीमेकर, शंभर डॉलरच्याही आतली ऑनलाइन सॅटेलाइट (मोठ्या टूर्नामेंटची एन्ट्री जिंकून देणारी छोटी टूर्नामेंट) जिंकून वर्ल्ड सिरीजला गेला आणि ८३९ जणांतून २५ लाख डॉलर घेऊन आला. खरी आहे. पण त्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग ऑनलाइन हा आहे आणि तोच आता आपल्याकडे उरलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचे म्हणून चालणारे रमी-पोकरही. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला नाही. पण मोठ्या भारतीय साइट्सनी त्याच आठवड्यात पैशांचे गेम थांबवले. सुवर्ण-रौप्य-कांस्य पदकं देणारी नॅशनल पोकर सिरीजही त्याच ऑनलाइन जगातली.

प्रो होऊ बघणाऱ्याला याचा फटका दुहेरी बसतो. ऑनलाइनला १ एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर कर होता, म्हणजे भरलेले वजा जाता. लाइव्हला तसं नाही, ते वर आलंच. आणि ऑनलाइन एका महिन्यात शेकडो टूर्नामेंट खेळून आपण कुठे आहोत ते कळायचं. मुंबईत बसून लाइव्ह खेळणाऱ्याला वर्षाला तीस-चाळीस टूर्नामेंट मिळाल्या तर खूप. तेवढ्यावरून स्वतःचा अंदाज यायला दहा वर्षं लागतील.

मुंबईत हे सगळं का होत नाही, असं मला नेहमी विचारतात. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. १८८७ चा जुगारबंदी कायदा अजून आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, तरी बंगल्या-फ्लॅटमधल्या गेमवर पोलीस आले की ती चर्चा कोर्टातच होते. म्हणून सायन-दादरहून रात्रीची बस किंवा कोकण रेल्वे पकडायची, पणजीला जेट्टीवरून बोटीने मांडवीतल्या जहाजावर जायचं. कॅसिनोवरचा जीएसटीही २८ चा २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय.

नोकरीबद्दल माझं मत विचाराल तर सांगतो: आत्ता सोडू नये. शनिवार-रविवार धरून, रजा टाकून वर्षातून तीन-चार सिरीज खेळता येतात आणि बरेच चांगले खेळाडू तसंच करतात. जे पूर्णवेळ आहेत ते फक्त टूर्नामेंटवर जगत नाहीत. कॅश गेम (टूर्नामेंट नसलेला, थेट पैशांचा खेळ), शिकवण्या, दुसऱ्यांना स्टेक करणं, व्हिएतनाम-कोरियाच्या सिरीज, असं पाच ठिकाणी पाय ठेवून असतात. आपल्याकडच्यांनी उंची गाठलेली आहे, संतोष सुवर्णाने २०२४ ला वेगासमध्ये अडीच लाख डॉलर बाय-इनची सुपर हाय रोलर जिंकून ५४ लाख डॉलर आणि विजेत्याचं ब्रेसलेट घेतलं. पण अडीच लाख डॉलरच्या टेबलावर बसणाऱ्याच्या वाटेवरून अंधेरीच्या पगारदाराने हिशेब करू नये.

भावाशी भांडू नका, त्याच्याकडे एक्सेल शीट मागा. जो खरंच प्रो व्हायच्या वाटेवर आहे त्याच्याकडे ती असतेच: तारीख, टूर्नामेंट, किती बुलेट, बक्षीस, टीडीएस, किती टक्के विकले होते, प्रवास-मुक्काम. नसेल तर त्याच्या आयकर खात्याच्या टीडीएस पत्रकात बक्षिसांवर कापलेला कर दिसेल, आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये भरलेले पैसे. दोन रविवारांत शीट तयार होते. डिसेंबरच्या आत केलीत तर बरं, तुमच्या सीएलाही वेळ असतो.

आणि एकदा सोबत जायचंच असेल तर जरूर जा. वय एकवीसच्या वर हवं, ओळखपत्र न्यायचं. लोक फायनल टेबल बघायला जातात. तुम्ही पहिल्या दिवशी जा. लेट रजिस्ट्रेशन बंद व्हायच्या आधीच्या तासाभरात री-एन्ट्रीच्या खिडकीजवळ खुर्ची मिळते का बघा, आणि तो किती वेळा येतो तेवढं मोजा.